ॲलर्जीचा ड्रॉप, तीन महिने वापरून: औषधाला पैकीच्या पैकी, बाटलीला भोपळा

आधीच सांगते, औषधाबद्दल माझी काही तक्रार नाही. ओलोपाटाडिन ०.१ टक्के हा डोळ्यांच्या ॲलर्जीचा ड्रॉप, सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक, दोन्ही डोळ्यांत. वसंत सुरू झाला की ज्यांचे डोळे टोमॅटो होतात त्यांना हे नाव नवीन नसणार, त्यामुळे ते काय आहे वगैरे लिहीत बसत नाही. माझं भांडण आहे ते बाटलीशी. पाच मिलीच्या त्या टीचभर बाटलीने मला या सीझनमध्ये जितकं रडवलंय तितकं परागकणांनीही नाही.

पहिली बाटली १७ दिवसांत संपली. मी म्हटलं हे कसं शक्य आहे, दिवसाला चार थेंब म्हणजे १७ दिवसांचे ६८ झाले, पाच मिलीमध्ये एवढेच थेंब असतात का? मग हिशोबच काढला. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, मधला ४० धरला तर पाच मिलीचे १२५ थेंब व्हायला पाहिजेत, म्हणजे महिना आरामात निघायला हवा. आणि माझे निम्मे गेले कुठे तर गालावर, कानात, उशीवर आणि एकदा चक्क चहात. कारण ती बाटली इतकी कडक की हळू दाबली तर ढिम्म, काहीच येत नाही, आणि जरा जोर लावला की टपटप दोन. कधी तीन. डोळा मिटेपर्यंत तिसरा भुवईवर.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, मॅडम, बाटली हळू दाबा. मी म्हटलं अरे बाबा हळूच दाबतेय. मग म्हणे बॅच नंबर सांगा. बॅच नंबर वाचायला गेले तर तो पुसलेला, कारण तेच औषध ओघळून ओघळून छापील आकडे गेलेले! हे त्याला सांगितलं तर म्हणाला बॅच नंबरशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. तीन फोन झाले, तिन्ही वेळा पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी मेसेज आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली, कशी काढली, देव जाणे.

आता थोडं मागचं, कारण मी काही या ड्रॉपवर सुरुवातीपासून नव्हते. आधीचे दोन सीझन मी तो डोळे पांढरे करणारा ड्रॉप वापरला, मेडिकलमध्ये असाच मिळतो तो. टाकला की पाच मिनिटांत डोळे स्वच्छ, फोटो काढण्यालायक. दोन-तीन तासांनी आधीपेक्षा लाल, म्हणून परत टाकायचा, असं करत करत मी दिवसाला सहा वेळा टाकायला लागले होते. तो फक्त डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आवळतो, ॲलर्जीला हातही लावत नाही आणि रोज वापरला की सोडल्यावर लाली उलटून येते, हे मला डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला स्वतःच्या अकलेची कीव आली. गोळ्याही घेऊन बघितल्या, शिंका थांबल्या पण डोळे कोरडे ठणठणीत, पापणी मिटली की आत वाळू.

तर हा ड्रॉप. पहिल्या आठवड्यात मी फोनमध्ये नोंद केली होती, "फालतू. काही फरक नाही." ते शब्द मागे घेते. खाज थांबत नव्हती कारण मी चोळणं थांबवत नव्हते. ज्याला ही खाज असते त्यालाच कळेल, बोटाचं पेर नाकाजवळच्या कोपऱ्यात घालून गोल गोल फिरवलं की जे काही सुख मिळतं ना, दहा सेकंद जग विसरायला होतं. मग अकराव्या सेकंदाला दुप्पट खाज. एकदा इतकं चोळलं की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा फोड आल्यासारखा जेलीसारखा फुगवटा आला, आरशात बघून मी किंचाळलेच. डॉक्टर म्हणाले की चोळल्याने ॲलर्जी भडकवणाऱ्या मास्ट पेशी अजून फुटतात आणि त्यातून खाज आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं, म्हणजे आपणच आगीत तेल ओततो. वर असंही सांगितलं की वर्षानुवर्षं जोरात चोळणाऱ्यांमध्ये बुबुळाचा समोरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे यायचा धोका वाढतो. त्या दिवसापासून हात खाली. हा ड्रॉप हिस्टामिनला अडवतो आणि मास्ट पेशींनाही शांत ठेवतो, पण आपण वरून पेर फिरवत राहिलो तर तो बिचारा काय करणार.

चोळायच्या जागी ओला रुमाल. घडी करून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि खाज सुटली की मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. फुकट आणि जबरदस्त. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्टार मी या रुमालाला देईन.

रुमालाचा फायदा बघून मी बाटलीही फ्रीजमध्ये ठेवायला लागले, थंड थेंब छान वाटतो म्हणून. आणि इथे माझी खरी फजिती आहे. दुसरी बाटली पण १९ दिवसांत आटपली तेव्हा मी पुन्हा फोन लावायच्या तयारीत होते, तर नवरा म्हणाला, अगं, ती गारठलेली असताना दाबतेस, प्लॅस्टिक कडक होणारच ना. मी दुर्लक्ष केलं (नवऱ्याचं पहिल्यांदा ऐकलं तर पुढे अवघड होतं). मग दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. गार बाटली मुठीत धरली, उलटी केली, अजिबात न दाबता नुसती धरून ठेवली, तर थोड्या वेळाने तोंडाशी थेंब जमायला लागला आणि आपोआप पडला. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि औषध बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी तितकी हवा जास्त, म्हणून शेवटी शेवटी ती जास्त गळायची! तर निम्मा गुन्हा माझा. उरलेला निम्मा मी अजूनही बाटलीवरच टाकणार, कारण बाहेर ठेवली तरी ती काही लोण्यासारखी नाहीये.

टाकायची पद्धतही बदलली. आधी मी थेट बुबुळावर नेम धरायचे, साहजिकच पापणी मिटायची. आता मान मागे, खालची पापणी बोटाने जरा ओढून खिसा करायचा, मनगट कपाळावर टेकवायचं म्हणजे हात हलत नाही, बाटलीचं तोंड कुठेही लागू द्यायचं नाही, आणि एक थेंब त्या खिशात. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून मिनिट-दोन मिनिटं गप्प पडायचं. पापण्यांची फडफड करायची नाही. कोपरा दाबला की घशात उतरणारी ती कडू चवही बंद झाली.

आणि याच दरम्यान एक गोष्ट कळली जिने माझ्या तक्रारीतली हवाच काढली. डोळ्यात अश्रूंचा थर असतोच साधारण ७ मायक्रोलिटरचा, आणि जास्तीत जास्त ३० च्या आसपास मावतं. म्हणजे ४० चा एकच थेंब सुद्धा डोळ्याला जास्त होतो, ओघळणारच. दुसरा थेंब पडला तर तो औषध म्हणून काही कामाचा नाही, पूर्ण वायाच. मी गालावरचा थेंब बोटाने गोळा करून परत डोळ्याकडे ढकलायचे, ते बंद केलं. वाया गेल्याचं दुःख मात्र काही कमी झालं नाही.

बाकीचं भराभर. लेन्स वापरत असाल तर यात बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्वेटिव्ह आहे, ते मऊ लेन्समध्ये शोषलं जातं, म्हणून आधी लेन्स काढा, मग थेंब टाका आणि १०-१५ मिनिटं थांबून लेन्स परत घाला. मी सीझनभर चष्माच लावला, परागकणही थोडे अडतात. बाहेरून आलं की तोंड धुवायचं आणि आधी साधे कृत्रिम अश्रू टाकून डोळा धुऊन घ्यायचा, पाच मिनिटांनी हा ड्रॉप, लागोपाठ टाकले तर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. आणि दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा घट्ट पिवळे चिपड येत असतील तर हा रिव्ह्यू वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. घरात कोणाचा तरी उरलेला स्टेरॉइडचा ड्रॉप असतोच, तो तर अजिबात नाही, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

एक गंमत. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्वतःचीच केस मांडली होती, दरवर्षी ठरावीक दिवसांत डोळे आणि छाती धरते अशी. बिचाऱ्याने उपचार म्हणून अंगातलं रक्त काढून बघितलं, अफू घेऊन बघितली, गार पाण्याच्या आंघोळी केल्या. हे परागकणांमुळे होतं हे चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या इंग्रज डॉक्टरने १८७३ मध्ये प्रयोग करून दाखवलं, तोवर बोस्टॉक जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाचून मला दोन मिनिटं माझ्या बाटलीबद्दल कृतज्ञता वाटली.

तिसरी बाटली फ्रीजबाहेर ठेवून पूर्ण २८ दिवस चालली. चौथी उघडली आणि १८ व्या दिवशी डोळे आपसूक शांत, सीझन संपला. आता उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्या असं लिहिलंय, मार्करने झाकणावर तारीखही मीच घातलेली, आणि आत औषध डुचमळतंय. दहा दिवस ती बाटली शेल्फवरून माझ्याकडे बघत होती. काल टाकली. टाकायच्या आधी बेसिनपाशी उभी राहून एकेक थेंब मोजत रिकामी केली, नवरा मागून बघून काही न बोलता निघून गेला. ५१ निघाले. वापरलेले ७२ धरून १२३. हिशोबातल्या १२५ पैकी राहिलेले दोन कुठे गेले ते मला माहितीये, एक उशीवर आणि दुसरा टाकता टाकता फोन वाजला तेव्हा.