पीएस-फाइव्हची प्रायव्हसी सेटिंग्ज : आठ महिने वापरल्यावर

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या घरात पीएस-फाइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, आलं दिवाळीत. पोरगा १३ वर्षांचा. अकाऊंट त्यानंच काढलं, जन्मतारीख पप्पांची टाकली आणि ऑनलाइन आयडीत पेठेचं नाव, जर्सीचा नंबर आणि एमएच ०९ घातलं. शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस बघत वाढलेलं पोरगं, पेठेचं नाव मिरवणारच. मलाही कौतुकच वाटलं होतं.

महिन्याभरात एका अनोळखी खेळाडूचा मेसेज आला. "पेठेतलाच न्हवं तू? रोज साडेचारला येतोस. घरात कोण नसतंय काय?"

वाचताना माझे हात गार पडले. साडेचार ते सव्वासहा तो खरंच एकटा असतो, मी बँकेतून तेव्हाच पोचते. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्याचं प्रोफाइल परक्याच्या नजरेनं बघितलं. गाव आणि पेठ आयडीतच होती. ऑनलाइन आहे की नाही ते उघड, आणि गेममधला टप्पा पार करून कमावलेल्या प्रत्येक ट्रॉफीसमोर तारीख-वेळ. आमच्या घराचं टाइमटेबलच होतं ते.

सेटिंग्ज, यूजर्स अँड अकाऊंट्स, त्यात प्रायव्हसी, असं आत गेलं की चार तयार प्रोफाइल मिळतात. एका टोकाला सगळं खुलं, दुसऱ्या टोकाला सगळं बंद. तयार प्रोफाइल निवडून थांबू नका, त्याच पानावर एकेक ओळ उघडून बघा. ऑनलाइन स्टेटस, ट्रॉफी, फ्रेंड्स लिस्ट, मेसेज कोण पाठवणार, फ्रेंड रिक्वेस्ट कोण पाठवणार, खऱ्या नावानं शोधता येणार का, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं. फ्रेंड्स लिस्टकडं आमचं लक्ष सगळ्यात उशिरा गेलं. पोराची माहिती झाकली तरी त्याच्या वर्गातली सगळी पोरं त्या यादीतून दिसत होती.

तरी मूळ चूक जन्मतारखेची होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, अशी तरतूद आहे. आमचा पोरगा मात्र तिथं ४४ वर्षांचा होता! मग जुनं अकाऊंट सोडलं आणि माझ्या अकाऊंटखाली मुलाचं नवं काढलं. ट्रॉफी एका अकाऊंटवरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत, हे कळल्यावर तो रात्री जेवला नाही. मी जवळ बसून राहिले. त्याच्यासाठी ते मोठंच नुकसान होतं.

नव्या अकाऊंटवर खेळायचे तास, महिन्याचा खर्च आणि बोलणं-मेसेज हे सगळं मी माझ्या फोनवरून ठरवते. वेळ संपल्यावर थेट लॉगआउट करायचं की नुसती सूचना द्यायची, असे दोन पर्याय आहेत. मी सूचना ठेवलीय. मॅच अर्ध्यात तुटली तर बरोबरच्या पोरांचाही खेळ जातो, आणि सूचना आली की तो आपणहून उठतो. बोलणं सरसकट बंद ठेवलं की पोरगं एकटं पडतं, म्हणून पेठेतल्या पोरांबरोबरच्या फुटबॉल गेमपुरती त्यानं परवानगी मागितली आणि मी दिली. अशी एका गेमपुरती सूट देता येते, ही सोय मला सगळ्यात आवडली.

एक गोष्ट मला तीन महिन्यांनी कळली. काही गेमना त्यांच्या कंपनीचं स्वतःचं वेगळं अकाऊंट लागतं आणि त्याची सेटिंग्जही वेगळी असतात. कन्सोलवर सगळं बंद करून मी निर्धास्त होते. एका शूटिंग गेमच्या अकाऊंटवर मात्र फ्रेंड रिक्वेस्ट कुणालाही पाठवता येत होती. अपडेटनंतर तिथलं व्हॉइस चॅट परत सुरू झालेलंही मी स्वतः पाहिलं. त्या कंपनीला मेल लिहिला, उत्तर साचेबंद आलं. तो गेम आता आमच्या घरात नाही.

त्या अनोळखी माणसाला ब्लॉक केलं, रिपोर्ट केलं. त्याआधी मेसेजचा फोटो फोनमध्ये काढून ठेवला. तो अजून आहे.

नवा आयडी निवडायला पोरानं दोन दिवस घेतले. कागदावर नावं लिहून आणली आणि पेठेचं नाव असलेलं स्वतःच खोडलं. "मम्मी, ह्यातनं मी कुठला ते कळतंय काय बघ," म्हणाला.