डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘दूधवाली’ या चित्राची कॅनव्हास प्रिंट, स्वयंपाकखोलीत लावली

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरून या चित्राची मोठी फाईल फुकटात डाउनलोड होते, तीच पेनड्राइव्हमध्ये टाकून तालुक्याच्या एका स्टुडिओतून कॅनव्हासवर काढून घेतली, ४५० रुपये लागले. मूळ चित्रही लहानच आहे, ४५.५ बाय ४१ सेंमी, म्हणून तेवढाच साइज सांगितला. चित्र १६६० च्या आसपासचं, हॉलंडचं, पण ती बाई दूध ओतते ना तेव्हा आमची आईच वाटते, गंजातलं दूध ओतताना आईची नजर पण धारेवरून हलत नाही. प्रिंट लय साफ आली, मागच्या पांढऱ्या भिंतीतला खिळा दिसते, जुने खिळे उपटल्याची भोकं पण दिसतात, आमच्या चुन्याच्या भिंतीला आहेत तशीच.

तक्रार एकच, पहिल्यांदा खालचा भाग कापून दिला, म्हणजे पाय शेकायची पेटी अन् भिंतीच्या बुडाच्या टाइल्सच गायब! दुसऱ्यांदा बरोबर दिली पण निळा थोडा काळपट आला, मूळ निळा लाजवर्द दगडाचा आहे, तो असा मरायला नको होता.

तरी घ्याच. लावताना खिडकी डाव्या हाताला येईल अशी भिंत पाहा, सकाळी चित्रातला अन् घरातला उजेड एकाच बाजूनं येते.