१९११ पिस्तुलाच्या सेफ्टीत मला गंडवलं, तुम्ही जपा

इथे टेक्सासमध्ये शूटिंग रेंजवर येणारी मराठी मंडळी आताशा बरीच दिसतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

मी डावखुरा. १९११ या मॉडेलच्या पिस्तुलाची सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका, डाव्या अंगाला, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. म्हणून दोन्हीकडून चालणारी अँबी सेफ्टी बसवून घ्यायची होती. ओळखीतून एक गनस्मिथ, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, कळला. पार्ट आणि फिटिंग मिळून १८० डॉलर, तेही रोख.

पाकिटावर ‘ड्रॉप-इन’ छापलेलं असलं तरी ही सेफ्टी नुसती घालून भागत नाही. तिच्या आतल्या अंगाला एक दाता असतो. सेफ्टी वर केली, म्हणजे लावली, की तो सीअरला (मागे ओढलेला हॅमर धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) अडवून धरतो. हा दाता मुद्दाम जाड ठेवलेला असतो. त्या त्या पिस्तुलाच्या मापाने कानशीने जरा जरा घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. वेळखाऊ काम. आणि जास्त घासला की संपलं, घासलेलं लोखंड परत येत नाही.

पिस्तूल हातात आलं तेव्हा सेफ्टी दोन्हीकडून मस्त ‘खट्’ वाजत होती. गिऱ्हाईक फसतं ते इथेच. तो खट् प्लंजरचा, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या दांडीचा असतो; आतला दाता सीअरला टेकतोय की नाही, हे त्यावरून काहीच कळत नाही.

घरी तपासलं. मॅगझिन बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानेही चाचपलं. हॅमर मागे, सेफ्टी वर, ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची, हाताने दाबली जाणारी) दाबून ट्रिगर जोरात ओढला, सोडला. हॅमर पडला नाही. सेफ्टी खाली केली, तरी नाही. मग हॅमर अंगठ्याने अगदी किंचित मागे घेतला, तर आतून बारीक ‘टिक्’. म्हणजे सेफ्टी लावलेली असतानाही सीअर सरकला होता आणि आत्ता कुठे जागेवर आला.

या पिस्तुलाच्या १९१०च्या नमुन्यात ही अंगठ्याची सेफ्टी नव्हतीच. घोडदळाच्या स्वाराला भरलेलं पिस्तूल एका हाताने सुरक्षित करता यावं म्हणून लष्कराने ती मागून घेतली. माझ्या पिस्तुलात ती निव्वळ शोभेला!

दुसऱ्या, लायसन्सवाल्या गनस्मिथने उघडून दाखवलं. दाता भसाभस घासलेला. शिवाय पार्ट सांगितला होता अख्ख्या पोलादातून कोरलेला, निघाला साच्यातला स्वस्त. आतल्या अंगाला साच्याची गोल खूण स्पष्ट दिसत होती. माझी मूळ कोल्टची सेफ्टी पहिल्याने परत दिलीच नाही. ‘कचऱ्यात टाकली’ म्हणे. जुन्या कोल्टच्या पार्टांना गिऱ्हाईक असतं, हे त्याला ठाऊक नसेल?

दुसऱ्यांची शस्त्रं दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर फेडरल लायसन्स लागतं, आणि पिस्तूल रात्रभर ठेवून घेतलं तर त्याचा नंबर वहीत चढवावाच लागतो. पहिल्या गनस्मिथने नंबराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लायसन्स नंबर मागा, एटीएफच्या (ही लायसन्सं देणाऱ्या फेडरल खात्याच्या) साइटवर ‘ईझेड चेक’मध्ये तो पडताळता येतो. नव्या पार्टचं पाकीट आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तो ‘टिक्’ त्याच्यासमोरच ऐका.

त्या पहिल्याला फोन केला तर उलट मलाच म्हणतो, ‘तूच घासली असशील.’ पावती नाही, पण पार्टचं वर्णन आणि रक्कम त्याच्याच मेसेजमध्ये आहे आणि दुसऱ्या गनस्मिथने लेखी दिलंय. टेक्सासच्या जस्टिस ऑफ द पीस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. तिथे अर्ज टाकतोय, मूळ सेफ्टीच्या किमतीसकट.