क्रिस्तपुराण की मराठी हग्गादा?

दोन्ही मराठीतलीच धार्मिक पुस्तकं, एक ख्रिस्ती, दुसरं ज्यू, पण स्वभाव अगदी वेगळे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने क्रिस्तपुराणात येशूची कथा थेट ओव्यांत बांधली. १६१६ मध्ये ती छापली, तीही रोमन लिपीत! मराठीला तो ‘हरळांमाजि रत्नकिळा’ म्हणतो, म्हणजे खड्यांमधलं रत्न. स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, ती त्याने नेमकी हेरली.

बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, हग्गादा पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाह या ज्यू सणाच्या रात्री घरी वाचायची ही पोथी. इथे हिब्रू तशीच ठेवली आणि शेजारी मराठी अर्थ दिला. मिसरातून (इजिप्तमधून) ज्यूंच्या सुटकेची गोष्ट मुलांना कळायला हवी ना! चित्रं मात्र पाहाच: बिनखमिराची भाकर करायला बसलेल्या बायका चक्क लुगड्यात.

वाचनाचा आनंद हवा तर स्टीफन्स. मी तरी त्यालाच झुकतं माप देईन. जुनी मराठी सुरुवातीला अडखळवते, मोठ्याने म्हटली की सुटते. हग्गादेची भाषा त्यामानाने कोरडी, पण तिच्यातलं घर जास्त ओळखीचं वाटतं.