गिटारवरून सनई: जळगावातील घरगुती स्टुडिओत नऊ महिन्यांचा अनुभव

घराच्या माडीवरील खोलीत मी अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण करतो. लग्नसराईची गाणी आणि श्रावणातील कानबाईची गाणी हे त्यातील मुख्य काम. या गाण्यांना सनई, बासरी आणि हार्मोनियम लागते, परंतु माझा हात गिटारवर बसलेला आहे, कीबोर्डवर नाही. म्हणून मार्च महिन्यात मी माझ्या इलेक्ट्रिक गिटारला प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप बसवला आणि त्याच्या साहाय्याने संगणकातील सिंथेसायझर वाजवू लागलो. ही कल्पना नवी नाही. रोलंड कंपनीने जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर १९७७ साली, म्हणजे वाद्ये व संगणक यांच्यात सुरांच्या सूचना पोहोचवणाऱ्या १९८३ च्या मिडी मानकाच्याही आधी, बाजारात आणला होता.

बसवण्याचे काम सोपे वाटते, पण सर्वाधिक वेळ त्यातच गेला. हा पिकअप ब्रिजला, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीला, अगदी लागून बसवावा लागतो, आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबली असता तार व पिकअप यांच्यात सुमारे एक मिलिमीटर अंतर राहावे लागते. एखादी तार थोडी जास्त जवळ आली तर शेजारच्या तारेवरील सूरही तिच्या खात्यात जमा होतो. चुंबकीय पिकअप असल्याने नायलॉनच्या तारा येथे निरुपयोगी आहेत, आणि अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारांचा प्रतिसादही कमकुवत मिळतो. त्यामुळे निकेलचा मुलामा असलेल्या पोलादी ताराच घ्याव्यात. माझ्या गिटारच्या तिसऱ्या तारेची फ्रेटवर किंचित घरघर होती, जी अँप्लिफायरवर कधी जाणवली नव्हती. यंत्राने मात्र प्रत्येक घरघरीचा एक भलताच सूर केला, आणि ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, नीट वाढवेपर्यंत मला एकही ओळ स्वच्छ मिळाली नाही.

आता तार छेडल्यापासून सिंथेसायझरचा सूर उमटेपर्यंतच्या उशिराविषयी, कारण या विषयात शिरणाऱ्याची निराशा बहुधा येथेच होते. सूर ओळखण्यासाठी यंत्राला तारेचे किमान एक पूर्ण कंपन पाहावे लागते. सर्वांत जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनालाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, आणि नखी लागल्याच्या क्षणी तारेचा आवाज इतका विस्कळीत असतो की प्रत्यक्षात एकाहून अधिक कंपने खर्ची पडतात. सर्वांत बारीक तारेला हेच काम सुमारे ३ मिलिसेकंदांत साधते. संगणकाचा बफर, म्हणजे आवाजाचे नमुने पुढे पाठवण्याआधी साठवण्याची जागा, १२८ नमुन्यांवर ठेवल्यास सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने त्यात आणखी २.७ मिलिसेकंदांची भर पडते, जी सहज सोसता येते. पण जाड तारेचा उशीर कितीही महाग संगणक घेतला तरी कमी होणार नाही, कारण तो तारेच्याच ठायी आहे. मी यावर एक उपाय कायमचा स्वीकारला आहे. खर्जातील ओळ बारीक तारांवर एक सप्तक वर वाजवायची आणि सिंथेसायझरला बारा अर्धस्वर खाली उतरवायचे.

ज्यासाठी हा खटाटोप केला ती गोष्ट म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे. सहा तारांना सहा स्वतंत्र मिडी वाहिन्या दिल्या की एक तार ओढली असता बाकीच्या तारांचे सूर हलत नाहीत. सुरुवातीला मी गिटारच्या बाजूला पिच बेंडचा, म्हणजे सूर वर-खाली सरकवण्याचा, पल्ला बारा अर्धस्वरांचा ठेवला होता आणि सिंथेसायझरमध्ये तो मूळचा दोनच राहिला होता. परिणामी तार पूर्ण स्वराने ओढली तरी सनई अर्धस्वराच्या तृतीयांशानेच हलत असे, आणि तीन आठवडे मी आपल्या बोटांना दोष देत राहिलो. दोन्हीकडे बारा केल्यावर गिटारच्या पट्टीवर बोट सरकवून घेतलेली मींड सनईच्या आवाजात जशी उमटली, ती ऐकून मी त्या रात्री जेवायलाही उशिरा उतरलो. हार्मोनियमसाठी मात्र हा पल्ला बंद ठेवावा, कारण त्या वाद्याचा सूर मुळात सरकत नाही. सनईचा लांब श्वास ही उणीव राहतेच: तार विझत जाते तसा यंत्राचा सूरही तुटतो, आणि त्यासाठी आवाज कमी-जास्त करणारे पायातील एक्स्प्रेशन पेडल व सूर धरून ठेवणारा स्विच दोन्ही वापरावे लागतात.

खान्देशातील घरासाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गायकाचे मुद्रण करताना कूलर बंद करावा लागतो. गिटारवरून सिंथेसायझर वाजवताना माइकच नसल्याने कूलर निर्धास्त चालू ठेवता येतो, आणि त्या उन्हाळ्यात ही सोय मला फार मोलाची वाटली. दुसरी गोष्ट विजेची. घराचे अर्थिंग कच्चे होते, आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर गुणगुण इतकी वाढे की कोणी तार न छेडताच बासरी वाजू लागे. अर्थिंग नवे करून घेतले आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर बसवला तेव्हा हे थांबले. पिकअपच्या खरेदीआधी हा खर्च धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मुद्रणानंतरचा लाभ मात्र अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कानबाईच्या एका गाण्याची सर्व वाद्ये काळी दोनमध्ये तयार होती आणि गाणाऱ्या मावशींचा आवाज काळी एकमध्ये खुलत होता; नोंद मिडीची असल्याने दोन अर्धस्वर खाली उतरवणे मिनिटाभराचे काम ठरले, आणि मावशींना चढ्या पट्टीत ताणावे लागले नाही. नको असलेले सूरही नंतर एकेक पुसता येतात.

संबळ वाजवण्याचा प्रयत्न मी दोन महिने केला आणि सोडून दिला. ठोक्याच्या वाद्यात वीस मिलिसेकंदांचा उशीरही लय ढिली करतो, शिवाय पिकअप ब्रिजजवळ असल्याने तळहाताने तारा दाबून आखूड ठोका काढायलाही जागा उरत नाही. संबळासाठी आता वादकालाच बोलावतो, आणि तेवढ्या वेळापुरता कूलर बंद करतो.