काटा हिरव्यावर आणि बार्बेक्यू गार: गॅस गेजचा सात महिन्यांचा अनुभव

बाटली आणि रेग्युलेटरच्या मध्ये बसवायचं ते गोल तबकडीचं गेज. हिरवा म्हणजे बाटली भरलेली, पिवळा म्हणजे कमी, लाल म्हणजे रिकामी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, जोडायला दोन मिनिटं लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रंगांबद्दल आहे.

मागच्या महिन्यात पाहुणे बसलेले, जाळीवरचं एका बाजूनं भाजून झालेलं, उलटायला चिमटा उचलला आणि ज्योत फुर्रकन विझली. अर्ध्या तासापूर्वीच मेहुण्याने विचारलं होतं, "भाऊजी, गॅस पुरेल ना?" मी ऐटीत गेजकडे बोट दाखवलं होतं. काटा हिरव्यात होता, काठावर का होईना. उरलेलं सगळं घरातल्या तव्यावर भाजलं. मेहुणा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही ऐकू येतं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "गेज व्यवस्थित आहे, बाटलीचं तापमान तपासा." मी भडकलो, तीन-चार मेल झाले, पैसे परत मिळाले नाहीत. मग शांतपणे वाचत बसलो तेव्हा कळलं की माणूस खरं बोलत होता. राग त्यामुळे वाढलाच.

कारण असं: बाटलीत गॅस द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. गेज मोजतं त्या वाफेचा दाब, आणि तो ठरतो तापमानावर. प्रोपेन, म्हणजे माझ्या बाटलीतला गॅस, २० अंशांना साधारण ७ बार दाब दाखवतो, मग बाटली काठोकाठ असो नाहीतर तळाशी पेलाभर उरलेलं असो. शून्य अंशांना तोच दाब जवळपास निम्मा होतो. द्रवाचा शेवटचा थेंब उडाला की मगच काटा खरा पडायला लागतो, आणि तोवर तुम्ही चिमटा हातात घेऊन उभे असता. थंडीत नवीकोरी भरलेली बाटली लावली तर काटा पिवळ्यावर! शिवाय गॅस वापरताना बाटली स्वतःच गार होते, म्हणून रात्री काटा लालवर आणि सकाळी परत हिरव्यावर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा खरंच वाटलं, रात्रीत कोणी भरून गेलं की काय.

हे सगळं ठाऊक असताना खोक्यावर 'भरलेली, कमी, रिकामी' छापायचं म्हणजे थर्मामीटरवर 'पोट भरलंय' लिहिण्यासारखं आहे.

मध्यंतरी बाटलीवर चिकटवून द्रवाची पातळी दाखवणारी, चुंबकाची रंग बदलणारी पट्टीही घेतली. तिसऱ्या महिन्यात तिचा रंग उडाला. पण तिच्यामागची युक्ती पक्की आहे आणि फुकट आहे: तांब्याभर गरम पाणी (उकळतं नाही) बाटलीच्या एका बाजूवरून ओता आणि लगेच तळहात वरून खाली फिरवा. वर पत्रा कोमट लागतो आणि एका जागी हाताला एकदम गार लागतं. द्रव तिथून खाली आहे, पत्र्याची ऊब तो पिऊन टाकतो. पट्टीपेक्षा हात बरा.

आकडा हवा असेल तर मात्र वजनच. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घरात पडून होता. रेग्युलेटर काढायचा, बाटली टांगायची, आणि कड्यावर कोरलेलं रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं. माझ्या बाटलीच्या कड्यावर रंगाचे इतके थर की ८.६ आहे की ८.८ हेच कळेना. शेवटी खडू घासून पुसला, तेव्हा ८.६ उमटलं. दोनशे ग्रॅमचा फरक किरकोळ नाही. माझा १० किलोवॅटचा बार्बेक्यू पूर्ण आचेवर तासाला पाऊण किलोच्या आसपास खातो, म्हणजे पाव तास गेला.

आणि आता खरं दुःख. काटा लाल झाला म्हणून बदलायला काढलेली एक बाटली जाण्याआधी सहज तोलली. ११.३. म्हणजे २.७ किलो गॅस आत! नऊ किलोच्या बाटलीतला जवळजवळ तिसरा हिस्सा. याआधी अशाच लाल काट्यावर दोन बाटल्या न तोलता परत दिल्या होत्या. त्यांचा हिशोब मी करत नाही, झोप लागत नाही.

इथेच एक स्टार देऊन थांबणार होतो. पण दोन आठवड्यांपूर्वी बर्नरचे नॉब बंद असताना बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सहज तबकडीकडे लक्ष गेलं. काटा हळूहळू उतरत होता. दहा मिनिटांत शून्य. व्हॉल्व्ह पुन्हा उघडून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, तर रेग्युलेटरपाशी नळीच्या जोडावर बारीक बुडबुडे. लगेच व्हॉल्व्ह बंद. वॉशर तडकला होता. हे ना वजनकाट्याने सांगितलं असतं, ना गरम पाण्याने. आता दर वेळी पेटवण्याआधी व्हॉल्व्ह उघडून बंद करतो आणि दहा मिनिटं काटा जागचा हलत नाही ना, एवढंच बघतो.

म्हणून तीन स्टार. गळती बघायला घ्या, खुशाल घ्या. उरलेला गॅस बघायला घेणार असाल तर हुकवाला काटा घ्या. मी तबकडीवरच्या तिन्ही रंगांवर काळी चिकटपट्टी लावली आहे, फक्त काट्याचं टोक दिसेल एवढी फट ठेवून. परवा मेहुण्याने ती पाहिली आणि विचारलं, "मग आता किती उरलाय?" मी त्यालाच बाटली उचलायला लावली.