तोंडात लावायची ट्रायअ‍ॅमसिनोलोन पेस्ट: ४ स्टार, एक का कापला ते वाचा

बरेच महिने वापरतेय म्हणून सविस्तर लिहिते. ०.१ टक्के ट्रायअ‍ॅमसिनोलोन, म्हणजे स्टिरॉइड, चिकट बेसमध्ये. मला ओरल लायकेन प्लॅनस आहे, दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेघांची जाळी आणि मधेमधे लाल सोललेले पट्टे, ब्रश केला की हिरड्यापण चुरचुरतात. नुसती जाळी असेल तर बहुतेकांना काही जाणवतसुद्धा नाही, त्रास देतं ते हे लाल सोललेलं.

आधी लावायची पद्धत, कारण अर्धे वाईट रिव्ह्यू त्यामुळेच येत असावेत. ही पेस्ट चोळायची नाही!! चोळली की तिचे रवाळ कण होतात, तोंडात वाळू गेल्यासारखं कचकच लागतं आणि सगळं थुंकून टाकावंसं वाटतं. जागा गॉजने टिपून कोरडी करा, बोटाच्या टोकावर अगदी थोडी घ्या आणि नुसती दाबून ठेवा, मग तिचा गुळगुळीत पापुद्रा बनतो आणि तो चिकटून राहतो. झोपताना लावलेली सगळ्यात चांगली, दिवसा लावायची तर जेवण झाल्यावर, नाहीतर औषध पहिल्या घासाबरोबरच पोटात.

जळजळ खरंच कमी होते, लाल भाग हळूहळू भरतो. पांढऱ्या रेघा मात्र जात नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका.

आता कापलेला स्टार. आतल्या कागदावर लिहिलेलं असतं की सात दिवसांत फरक नाही पडला तर तपासून घ्या, पण ते इतक्या बारीक अक्षरात की कोण वाचतंय. लोक वर्षानुवर्षं ट्यूबवर ट्यूब आणतात, तोंड आलंय म्हणून. पेस्ट सूज दाबते, मागे काय चाललंय ते तिला काय माहीत. या आजारात आपल्याच टी पेशी, म्हणजे एरवी इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तोंडाच्या अस्तरावर हल्ला करतात आणि बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही. कधीकधी बीपीची किंवा दुखण्यावरची गोळी अशीच जाळी उठवते, कधी दातातलं चांदीचं फिलिंग गालाला घासत असतं, आणि काही जणांत मागे हिपॅटायटिस सी निघतो.

हो, लिव्हरचा. माझ्या डॉक्टरांनी बायोप्सीबरोबर अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस सीच्या व्हायरसविरुद्धची अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट, लिहून दिली तेव्हा मीही विचारलं, मॅडम मला कधी कावीळ झाली नाही, मग ही कशाला? त्या म्हणाल्या, म्हणूनच. हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसतो, लिव्हरची नेहमीची एन्झाइम टेस्टसुद्धा नॉर्मल येऊ शकते. तो तोंडाच्या अस्तरातही सापडलाय आणि त्याच्या मागे लागलेल्या पेशी तिथलं अस्तरही सोलतात असं मानलं जातं. गंमत म्हणजे हे नातं सगळीकडे सारखं दिसत नाही, जपान आणि इटलीत घट्ट, ब्रिटनमध्ये जवळजवळ नाहीच, इटलीतल्या पेशंटमध्ये एचएलए-डीआर६ या जीनशीही संबंध दिसला. त्यामुळे जाळी दिसली म्हणून घाबरू नका, बहुतेकांची टेस्ट निगेटिव्हच येते.

माझी पॉझिटिव्ह आली. पण अँटीबॉडी म्हणजे फक्त व्हायरस कधीतरी येऊन गेला एवढंच, साधारण ३० टक्के लोकांत तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, म्हणून पुढे व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते बघणारी आरएनए टेस्ट करावीच लागते. माझ्यात तो होता. ज्यांच्यात राहतो त्यांच्यापैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरोसिस, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होणं, होऊ शकतो, आणि तोवर मी आपली गालात पेस्ट लावत बसले असते. औषध आता सोपं आहे, सोफोसबुविर-वेल्पाटासविरच्या गोळ्या, रोज एक, १२ आठवडे, ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. आधीच्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी काहींचं तोंड उलट जास्त बिघडायचं. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए परत बघतात, माझा सापडला नाही. तोंडाचं म्हणाल तर लाल पट्टे बरेच कमी, रेघा आहेत तशाच. काहींचं पूर्ण साफ होतं म्हणे, काहींना काहीच फरक पडत नाही, त्यामुळे ही ट्यूब अजून ड्रॉवरमध्ये आहेच.

आणि हो, घरात कुणी तुमचा चमचा वेगळा ठेवायला लागलं तर त्यांना सांगा, लायकेन प्लॅनस लागत नाही आणि हिपॅटायटिस सी रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्याने नाही.

घेणार असाल तर अजून थोडं. स्टिरॉइडने तोंडात बुरशी वाढू शकते, गॉजने पुसल्यावर निघणारा पांढरा थर दिसला की पेस्ट थांबवून दाखवायचं, जाळीच्या रेघा पुसल्या जात नाहीत हा साधा फरक. नागीण किंवा तसलं इन्फेक्शन असेल तर लावूच नका. एसएलएस म्हणजे फेस आणणारा घटक नसलेली टूथपेस्ट घेतली तर चुरचुर अजून कमी होते. आणि बरं वाटलं तरी चेकअप सोडू नका, साधारण शंभरात एकाला पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो आणि त्यावर ही पेस्ट काही करत नाही.